सुप्रियाला तू आत का येऊ दिलं नाहीस

नसीम,

तू गेलीस त्याला आज सव्वीस दिवस झाले. आपलं भांडण मात्र राहूनच गेलं होतं. परवा त्याचा निकाल लागला आणि तो साफ माझ्याविरुद्ध लागला. आता जिच्यासमोर कान धरायचे तीच बाई रोह्याच्या कबरस्तानात जाऊन निजली, तर मी तोंड कुणाकडे करू? म्हणून हे लिहितेय. केबिनचं दार लावून, लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतेय. नव्या सिस्टर बाहेर कुजबुजत असतील, बाईंचं डोकं फिरलं म्हणून. फिरू दे.

भांडण कुठलं ते तुला सांगायला नको. चार वर्षांपूर्वी, गणपतीच्या तोंडावर, आपल्या हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, पेशंटच्या घरच्यांसमोर मी तुला म्हणाले होते, "तुला स्वतःचं मूल असतं, तर कळलं असतं." ते वाक्य मला परत घ्यायचंय. ते चुकीचं होतं हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण किती चुकीचं होतं, ते परवा कळलं.

आधी बाकीचं बोलू दे. सरळ मुद्द्यावर आले तर मला पुढे लिहिता येणार नाही.

तू माझ्याकडे आलीस तेव्हा पेणच्या बाजारामागे आपल्या सहा खाटा होत्या आणि माझ्या डोक्यात नुसती पुस्तकं होती. तू रोह्याला दहा वर्षं नर्सिंग करून आलेली. पहिल्याच आठवड्यात एक बाई पोराला घेऊन पायरी चढत होती, आणि तू हातातला ट्रे खाली ठेवलास आणि म्हणालीस, "बाई, ऑक्सिजन लावा. मंग तपासा." मी चिडले. डॉक्टर कोण, तू की मी? पण पोराची बोटं निळी पडत होती. तुला ते दारातून दिसलं आणि मला स्टेथोस्कोप लावल्यावर. पुढची एकवीस वर्षं हे असंच चाललं, आणि मी दरवेळी तितकीच चिडत राहिले.

आणि वाफ देणं! मशीन लावलं की झालं, असं निम्म्या डॉक्टरांनाही वाटतं. पोर रडायला लागलं की आजी मास्क चार बोटं लांब धरते, गुदमरेल म्हणून. तू तिचा हात धरून मास्क पोराच्या नाकातोंडावर नीट टेकवायचीस. "आजी, लांब धरलात तर औषध पंख्याला गेलं. खोकला पंख्याला झालाय काय?" सगळा वॉर्ड हसायचा आणि आजीसुद्धा. रडणाऱ्या पोराला तू घाईनं मास्क लावला नाहीस कधी. आधी आईच्या मांडीवर शांत करायचं, मग लावायचा. "रडताना औषध घशातच ऱ्हातं बाई, छातीत उतरत नाय." मी हे पुस्तकात वाचलं होतं. तुला कुणी सांगितलं होतं देव जाणे. विचारलं तर म्हणायचीस, पोरांनी.

रोह्याहून येणारी गाडी कासूला रखडली की तुझा फोन यायचा. "बाई, गाडी पडलीय कासूला. तवर तीन नंबरच्या पोराची नळी बघा, ते वढतंय." म्हणजे तू रुळांवर बसून माझा वॉर्ड चालवायचीस! मी फोन ठेवताना दोन शब्द पुटपुटायचे आणि मुकाट्यानं तीन नंबरला जायचे. पोरानं नळी ओढलेली असायचीच.

आता स्वरा.

हमरापूरची. सात महिन्यांची, पण दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, अंगानं चिमणीएवढी, त्यात हृदयाला भोक. बाप रुपेश गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा. सणाला पंधरा दिवस राहिलेले, म्हणजे त्याला जेवायला फुरसत नाही असे दिवस. घरात कुणाला तरी सर्दी झाली आणि ती या पोरीच्या छातीत उतरली. आणली तेव्हा प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि नाकपुड्या फुलत होत्या. दुधाचा घोटसुद्धा घेता येत नव्हता.

अशा विषाणूच्या आजारात बहुतेक पोरं ऑक्सिजन, नळीतून थोडं थोडं दूध आणि आपला धीर, एवढ्यावर निभावतात. हिचं हृदय दुबळं. ही निभावेल असं मला वाटेना. मुंबईला माझ्या सरांना फोन केला. सर म्हणाले, इथे एकही खाट रिकामी नाही आणि ही पोर रस्ता सोसणार नाही. मग म्हणाले, "विषाणूवरचं एक औषध आहे, श्वासातून द्यायचं. त्याचं मशीन आणि औषध पाठवतो. खात्रीचं नाही, वादातलं आहे. पण अशा पोरीला मी देऊन बघितलं असतं."

दुपारी गाडी आली. तू खोका उघडून मशीनकडे बघितलंस आणि नाक मुरडलंस. "वाफच द्यायची तर आपली काय वाईट?" मी सांगितलं, आपली वाफ श्वासाची नळी मोकळी करते, विषाणूला हात लावत नाही. हे औषध थेट विषाणूवर जातं. पण दहा मिनिटांत भागत नाही. पोरीच्या डोक्यावर पारदर्शक पेटी ठेवायची आणि दिवसाचे कितीतरी तास हे धुकं आत सोडत राहायचं, तीन-चार दिवस. रुपेश शेजारी उभा होता. स्प्रे गनवर आयुष्य गेलेला माणूस, त्यानं पेटीत डोकावून विचारलं, "बाई, एवढा बारीक फवारा? यो तर बसायचा नाय कुठं." मी म्हटलं, बसायला नकोच आहे, खोल जायला हवाय. त्याला ते जेवढं पटकन कळलं तेवढं माझ्या शिकाऊ डॉक्टरांना कळत नाही.

एक अडचण होती. पेटीच्या कडेनं औषध थोडं थोडं बाहेर येतंच. खोलीतल्या माणसाच्या श्वासात जातं. प्राण्यांमध्ये त्यानं पोटातल्या गर्भाला अपाय झालेला दिसलाय, म्हणून गरोदर बाईनं त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. आपल्या नव्यानं लग्न झालेल्या सिस्टरला मी त्याच क्षणी दुसरीकडे पाठवलं. आणि मग घरच्यांना विचारलं. स्वराची आई सुप्रिया, तिची सासू, रुपेश, सगळे ओळीत उभे. मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला दिवस गेलेत का?"

सासू म्हणाली, "नाय ओ बाई. हिची तर पोर अजून अंगावर हाय." सुप्रियानं मान हलवली. झालं. मी मशीनकडे वळले.

आणि तू म्हणालीस, "मी बसते आत. मला कुठं आता पोर होणार हाय? मला काय धोका नाय." हसत म्हणालीस. अठ्ठेचाळिशीतली बाई, हसत. मी तुझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही.

तासाभरात काय झालं कुणास ठाऊक, तू सुप्रियाला खोलीबाहेर काढलंस. "तुला सर्दी हाय." ती म्हणाली, नाही हो सिस्टर. "हाय. मला दिसते. बाहेर बस." पलीकडच्या स्टोअरमध्ये तिला खुर्ची दिलीस. दूध काढून वाटीत द्यायचं, ते तू नळीनं पोरीला भरवणार. पोरगी काचेतून बघायची. बस्स. रुपेश आत येऊन गेला की तू त्याच्या अंगावर ओरडायचीस, हातपाय धू, शर्ट बदल, मग बायकोजवळ जा. मला वाटलं, हिच्या अंगात आलंय.

तुझा इकबाल त्याच आठवड्यात कुवेतहून आलेला. दोन वर्षांनी. तू रोह्याला गेलीच नाहीस. तिसऱ्या दिवशी तो डबा घेऊन पेणला आला, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण, आणि बाकड्यावर बसून मला म्हणाला, "बाई, कुवेतातली माणसं बायकोला मोबाइलवर बघतात. मी पेणात येऊन काचेतून बघतोय." आत तू मास्क, टोपी, गाऊन घालून बसलेली. चष्म्यावर औषधाची पांढरी भुकटी बसत होती, ती पुसत होतीस आणि त्याला हातानं जा जा करत होतीस. तो हसत होता. मला लाज वाटायला हवी होती, पण तोवर आपलं बोलणं बंद झालं होतं.

कारण आदल्या दिवशी ते घडलं होतं. सकाळची ओपीडी भरलेली. सासू रडत माझ्या टेबलाशी आली. "आई जिती असून पोरीला हात लावू देत नाय ती तुमची बाई. कोन लागते ती आमची? पोर गेली तर आईनं शेवटचं घेतलं बी नाय असं व्हईल." मी ताडकन उठले. तुला खोलीतून बाहेर बोलावलं. तू मास्क खाली केलास. मी म्हणाले, सर्दीबिर्दी काही नाही सुप्रियाला, मी तपासलंय. तू कुणाला विचारून आईला बाहेर बसवलंस? तू म्हणालीस, "बाई, माझ्यावर सोडा." एवढंच. मी म्हटलं, कारण सांग. तू गप्प. मला गप्प बसलेलं माणूस सहन होत नाही, तुला ठाऊक आहे. आणि मग ते वाक्य गेलं माझ्या तोंडून. पॅसेजमध्ये बाकड्यावर सात-आठ माणसं होती. 

तू मास्क वर ओढलास. मग म्हणालीस, "सिलिंडर बदलायला पायजे, काटा खाली आलाय," आणि आत गेलीस. सुप्रियाला काही तू आत घेतलं नाहीस. मीही हट्टानं तिला आत नेऊ शकले असते. नेलं नाही, ते का, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. बहुतेक सतरा वर्षांची सवय. तू म्हणालीस की नळी बघा, की मी नळी बघते.

चौथ्या दिवशी स्वराच्या नाकपुड्या फुलायच्या थांबल्या. पेटी काढली. तू खोली धुऊन घेतलीस, खिडक्या उघडल्यास, अंघोळ केलीस, कपडे बदललेस आणि मगच सुप्रियाला हाक मारलीस. "ये गो. घे तुझी पोर." पोरगी अंगाला लागली आणि चुरूचुरू प्यायला लागली. सासूनं तुझ्याकडे पाठ केली होती. तू कोपऱ्यात उभी राहून मशीनच्या नळ्या गुंडाळत होतीस.

औषधानं वाचली की आपली आपण वाचली? सरांना विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही, एका पोरीवरून कुणालाच सांगता येणार नाही. तुला विचारलं तर म्हणालीस, "तुमी लिवा काय लिवायचं ते. पोरगी दूध पितेय, माझं तेवढंच." यावर मात्र आपण पुढे खूप भांडलो, आणि मजेत भांडलो. मी म्हणायचे औषध. तू म्हणायचीस, औषध अर्धं, बाकी अर्धं, धुकं बाहेर जाऊ नये म्हणून पेटीच्या कडेला गुंडाळलेलं दुपटं.

ते दुसरं भांडण मात्र मजेचं नव्हतं. मला माफी मागायची होती, पण माझीही अट होती. आधी तू कबूल कर की एका आईला तीन दिवस पोरीपासून तोडणं हा तुझा मनमानीपणा होता, मग मी माझं वाक्य परत घेते. दरवर्षी गणपतीच्या सुमारास विषय निघायचा. मी काढायचे. तू हसून म्हणायचीस, "चुकलं असंल बाई." असंल! "चुकलं" म्हण ना सरळ. ते तू कधी म्हणाली नाहीस, आणि मी माफी मागितली नाही. चार वर्षं, नसीम. असा हट्ट पोरांनी केला असता तर मी त्यांना लिमलेटची गोळी देऊन गप्प केलं असतं.

मग त्या सकाळी इकबालभाईंचा फोन आला. नमाज झाली, चहा टाकला आणि डोकं दुखतंय म्हणून खाली बसलीस. मी ओपीडी टाकून निघाले. वडखळच्या पुढे पोचले तोवर त्यांचा दुसरा फोन आला. म्हणाले, "बाई, आता घाई करू नका. गाडी हळू चालवा." बायको गेलेला माणूस मला गाडी हळू चालवायला सांगत होता. तुझ्या संगतीत राहिलेला माणूस, दुसरं काय सांगणार?

तुमच्या घरी बायकांमध्ये बसले. कुणी रडत होतं, कुणी पढत होतं, आणि माझ्या डोक्यात एकच, ते वाक्य. अंगणात पोरं केवढी जमली होती! गल्लीतल्या, नात्यातल्या सगळ्या पोरांना तूच न्हाऊ घातलेलं. एक आठ-दहा वर्षांची मुलगी मला म्हणाली, "तुमीच काय पेणच्या बाई? नसीमखाला सांगायची, आमच्या बाई लय हुशार हायेत." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आणि परवा सुप्रिया आली.

तिला तुझी बातमी उशिरा कळली. स्वराला घेऊन आली, आता पोरगी पायात पैंजण घालून धावते. सोबत आणखी एक, साडेतीन वर्षांची. केबिनमध्ये शिरली, दार लावलं, आणि खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागली. मला वाटलं, तुझ्यासाठी. तुझ्यासाठीच होतं. पण मग धाकटीला पुढे केलं आणि म्हणाली, "बाई, स्वरा आत पेटीत होती ना, तवा ही पोटात होती."

मी मनातल्या मनात महिने मोजले. मोजायला फार वेळ लागला नाही.

दोन महिने झाले होते तिला. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. तीन महिने पुरे होईस्तोवर बोलायचं नाही ही एक रीत. पण खरं कारण दुसरंच. आपल्याकडे म्हणतात ना, पोटात दुसरं आलं की अंगावरचं दूध नासतं आणि पिणारं पोर आजारी पडतं. सुप्रियाला वाटत होतं, स्वराला हे आपल्याच दुधानं झालं. आपणच पोरीच्या जिवावर उठलो. आणि मी शहाणी, तिच्या सासूसमोर, नवऱ्यासमोर, माझ्या त्या नाक्यापर्यंत ऐकू जाणाऱ्या आवाजात विचारलं, कुणाला दिवस गेलेत का! ती काय डोंबल सांगणार होती?

ती म्हणाली, "मी मान हलवली तवा सासूकडं बघत होते. सिस्टर माझ्याकडं बघत होत्या." तासाभरानं दूध काढायच्या निमित्तानं तू तिला न्हाणीघरात नेलंस, नळ सोडलास आणि कानात विचारलंस. तिनं तुझे पाय धरले. स्वराची शपथ घातली, कुणाला सांगू नका, बाईंनाही नको. तू म्हणालीस, "दुधानं काय व्हत नाय गो. तुझ्या दुधानंच ती टिकलीय. वाटीत काढून दे, मी पाजते." आणि तिला सर्दी झाली असं जाहीर केलंस. मला का नाही सांगितलंस, हे विचारायचीही सोय नाही. सांगितलं असतंस तर मी तिथेच पॅसेजमध्ये सासूला उभी धरून झापलं असतं, दूध नासतं म्हणणारे मूर्ख आहात म्हणून. गावभर झालं असतं. तू मला सतरा वर्षं ओळखत होतीस.

मी तुला ते बोलले तेव्हा सुप्रिया स्टोअरच्या दाराआड होती. सगळं ऐकलं तिनं. बाहेर येऊन सांगते म्हणाली, तर तू तिला आत ढकललंस. "गप बस. बाईंचा राग दुधाचा ऊत हाय, फुंकर मारली की खाली बसतो. तुला काय झालं तर मी काय फुंकू?"

मी सुप्रियाला विचारलं, मग नंतर? बाळंतपण झालं, पोरगी धडधाकट झाली, तेव्हा तरी सिस्टरनी मला का नाही सांगितलं? मी दरवर्षी तिला त्यावरून बोलत होते.

सुप्रिया म्हणाली, "मीच बोलले त्यांना, सिस्टर, आता सांगा बाईंना, माझी शपथ सुटली. तर म्हणाल्या, नको गो. आता सांगितलं तर बाईंना लय लागंल. ऱ्हाऊ दे."

नसीम, लागलं गं. लय लागलं. लागायलाच हवं होतं, पण तू समोर असताना. माझं चुकलं. असेल-बिसेल नाही. चुकलं.